किल्ली तबकात, मामा पेठेत

माझी जुनी गाडी किल्लीनं उघडायची. हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती शिलालेखाकडे बघावं तशी माझ्याकडे बघतात. किल्ली घालायची, फिरवायची, 'खट्' असा आवाज आला की दार बंद. मग जायच्या आधी दांडी एकदा ओढून बघायची. हे ओढून बघणं आमच्या घराण्यात कुलाचारासारखं चालत आलेलं आहे. वडील गावाला निघताना घराचं कुलूप ओढायचे, जिना उतरायचे, परत वर येऊन ओढायचे. एकदा त्यांनी इतक्या निष्ठेनं ओढलं की कोयंडाच हातात आला. मग गावाला जायचं रद्द झालं आणि आठवडाभर ते कुलूप सुरक्षित आहे ना हे बघत घरीच बसले.

अशा घराण्यातल्या माणसानं यंदा बिनकिल्लीची गाडी घेतली.

बिनकिल्लीची म्हणजे किल्ली असते, पण ती साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी असते आणि ती खिशात ठेवून विसरून जायचं असतं. आपण जवळ गेलो की गाडी आरसे पसरते, दिवे लावते, सासुरवाडीत जावयाचं होत नाही एवढं स्वागत करते. आपण लांब गेलो की आपलं आपण कुलूप लावून घेते. शोरूममधल्या तरुणानं हे सगळं मला हसतमुखानं सांगितलं.

"पण लागलंय की नाही, हे बघायचं कसं?" मी विचारलं.

"बघायचं नाही सर. लागतंच."

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला 'लागतंच' म्हणून सांगायचं आणि त्यानं ऐकायचं. मी पहिल्याच दिवशी बघायला गेलो. जवळ गेलो, दांडी ओढली, तर दार उघडलं. का, तर किल्ली माझ्या खिशात. लांब गेलो, कुलूप लागलं. खात्री करायला परत आलो, उघडलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी त्या दिवशी एवढ्या येरझाऱ्या घातल्या की फरशीला पाऊलवाट पडली. शेवटी मार्ग काढला. बायकोनं किल्ली घेऊन फाटकापाशी उभं राहायचं, मी गाडीपाशी. ती लांबून "ओढा" म्हणायची, मी ओढायचो, दार हलायचं नाही, मग आम्ही दोघं समाधानानं जेवायला जायचो. महिनाभरानं वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं दोघांचं ठीक चाललंय ना? रोज संध्याकाळी एवढं अंतर ठेवून बोलता म्हणून विचारलं."

या गाडीचा आणखी एक गुण. इंजिन चालू असताना किल्ली गाडीबाहेर गेली की ती बोंब ठोकते. एकदा गाडी चालू ठेवून, किल्ली खिशात घेऊन मी दुधाची पिशवी आणायला उतरलो, तर तिनं असा टाहो फोडला की कात्रजच्या सर्पोद्यानातले साप वेटोळी सोडून ताठ उभे राहिले. आणि सापांना कान नसतात. तेव्हापासून माझी समजूत झाली की बिनकिल्लीच्या गाड्या या अशाच असतात. काही चुकलं तर सगळ्या शहराला सांगतात. त्यामुळे माणसानं निर्धास्त राहावं.

याच समजुतीवर मी भाचीच्या लग्नाला गेलो.

भाची म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. आमच्याकडे लग्नात मामाला एकच मानाचं काम असतं. मुहूर्ताच्या वेळी गुरुजी हाक देतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग मामानं नवरीला गौरीहराच्या खोलीतून हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं. या पाच-दहा मिनिटांसाठी मी पंचवीस-सव्वीस वर्षं वाट बघितली होती. ती पाळण्यात होती तेव्हाच मी ताईला सांगून ठेवलं होतं, की हिच्या मागे मीच उभा राहणार. हे इतकं स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे आमचा चुलतभाऊ. हा माणूस कोणत्याही लग्नात मामा व्हायला तयार असतो. फेटा घरूनच बांधून येतो. नात्यातल्या अर्ध्या नवऱ्यामुलींच्या फोटोत मागे हाच दिवा घेऊन उभा आहे, आणि खरे मामा कुठे पार्किंग शोधत आहेत.

कार्यालय कात्रजला होतं आणि नवरीला सजवणाऱ्या बाई नारायण पेठेत. बाईंच्या दारावर पाटी आहे, 'आम्ही कोठेही येत नाही. ज्यांना सुंदर दिसायचे आहे त्यांनी यावे.' त्यामुळे भाची सकाळीच मैत्रिणीबरोबर तिकडे गेली होती आणि तिला मुहूर्ताआधी कार्यालयात आणायचं काम माझ्याकडे होतं. माझी नवी पांढरी गाडी मात्र दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, झेंडूच्या माळा चढवून नवरदेवाला आणायला पाठवून दिली. "जावयाला नवी गाडी बरी दिसेल," ते म्हणाले, "तुम्ही आमची न्या."

दाजींची गाडीही बिनकिल्लीची. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काहीच झालं नाही. आरसे मिटलेले, दिवे बंद, ओळख नाही, पाळख नाही. मी थोडा पुढे झालो, मागे झालो.

"काय करताय?" दाजींनी विचारलं.

"उघडायची वाट बघतोय."

"ती काय मांजर आहे का, पायात घोटाळायला? दांडीवर काळं बटण आहे, ते दाबा. एकदा दाबलं की तुमचं दार, दोनदा दाबलं की सगळी दारं. बंद करतानाही दाबायचं. आपोआप काही होत नाही या गाडीत. शिस्तीची गाडी आहे."

दाजी समजावून सांगायला लागले की ऐकणाऱ्याला दाढी वाढते. बटण किती जोरानं दाबायचं, डिकीखालून पाय कसा फिरवायचा, सगळं झालं. शेवटी म्हणाले, "आणि किल्ली लावायची भानगडच नाही. ब्रेकवर पाय ठेवा, बटण दाबा, चालू." त्यांनी साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली. मी आत बसलो, ब्रेक दाबला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली.

तेवढ्यात ताई तबक घेऊन आली.

"मामा मुलीला आणायला निघाला आणि ओवाळायचं नाही?" ती म्हणाली. आमच्या ताईला ओवाळायला नुसतं निमित्त लागतं. दसऱ्याला ती शस्त्रं म्हणून पाटावर सुरी, कात्री, मिक्सर आणि दाजींचा लॅपटॉप मांडते. एका वर्षी गॅसच्या शेगडीलाही कुंकू लावलं होतं, तिथे गॅस चालू होता. तर तिनं खिडकीतून मला कुंकू लावलं, गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढलं आणि म्हणाली, "किल्ली आण इकडे. तिला लावल्याशिवाय गाडीला लावल्यासारखं होत नाही."

मी किल्ली दिली. तिनं ती तबकात सुपारीशेजारी ठेवली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि मला, गाडीला, किल्लीला मिळून एकच निरांजन ओवाळलं. मी हात जोडले. दाजींनी घड्याळ बघितलं.

"निघा आता. स्वारगेटला अडकलात तर आम्ही काय बोहल्यावर सिग्नल लावायचा?"

मी निघालो. कार्यालयाच्या फाटकाबाहेर पडताना गाडीनं 'टिंग' केलं. एकदाच, खालच्या आवाजात, एखाद्या सुशिक्षित माणसानं हळूच खाकरावं तसं. समोर काहीतरी पिवळं इंग्रजी उमटलं. मी पट्टा तपासला, लावलेला होता. दार तपासलं, बंद होतं. माझ्या गाडीसारखी बोंब नाही, म्हणजे काही विशेष नाही, असा निष्कर्ष काढून मी सातारा रस्त्याला लागलो. आमच्या गाडीत आणि या गाडीत फरक कुठे आहे ते मला पुढे कळलं. आमची पेठेतल्या भांडकुदळ बाईसारखी, तोंडावर बोलणारी. ही पत्र लिहून कळवणारी.

नारायण पेठेत गाडी लावायला जागा मिळणं आणि मोक्ष मिळणं यांत मोक्ष सोपा. मी बाईंच्या पार्लरशेजारच्या एका फाटकासमोर गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं होतं, कारण भाची खाली आली की लगेच निघायचं. फाटकातून एक आजोबा बाहेर आले. सदरा, लेंगा, हातात वर्तमानपत्र.

"फाटकावरची पाटी वाचलीत का?"

"दोनच मिनिटं, आजोबा. नवरी येतेय."

"नवरी येतेय म्हणून आमच्या घरात धूर सोडायचा असं काही मुहूर्तात लिहिलंय का? इंजिन बंद करा."

मी बंद केलं. वयाचा मान ठेवायची सवय आहे, काय करणार.

भाची खाली आली. मी घेतलेली पिवळी नऊवारी, कपाळाला मुंडावळ्या, नाकात नथ. मामानं दिलेल्या पिवळ्या साडीत ती अशी दिसत होती, की मी क्षणभर गाडी, मुहूर्त, चुलतभाऊ, सगळं विसरलो. मग ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. 'टिंग.' पुन्हा दाबलं. 'टिंग.'

"मामा, किल्ली सापडत नाही म्हणतेय," भाची समोरचं पिवळं इंग्रजी वाचून म्हणाली. "खिशात बघ."

मी खिशात बघितलं. दुसऱ्या खिशात बघितलं. फेटा काढून बघितला. मग डोळ्यांसमोर ते तबक आलं. निरांजन, सुपारी, अक्षता, आणि मधोमध कुंकवानं माखलेली दाजींची किल्ली.

ताईला फोन लावला.

"किल्ली? तबकात आहे की," ती शांतपणे म्हणाली. "पण तू गाडी घेऊन गेलास ना? मग किल्ली कशाला हवी?"

हा प्रश्न बिनकिल्लीची गाडी काढणाऱ्या सगळ्या कंपन्यांना विचारायला हवा. मी ताईला सांगितलं, की गाडी किल्लीशिवाय चालत राहते, पण एकदा बंद झाली की किल्लीशिवाय सुरू होत नाही. फोन दाजींनी ओढून घेतला.

"तुम्ही चालू गाडी बंद केलीत कशाला?"

"धूर येत होता."

"गाडीतून धूर येणारच. उदबत्ती आहे का ती? थांबा, कुणालातरी किल्ली घेऊन पाठवतो."

"ती येईपर्यंत मुहूर्त टळेल, दाजी."

आणि मग मागून तो आवाज ऐकू आला. चुलतभावाचा. "अजिबात काळजी करू नका म्हणावं. मुलगी रिक्षानं येऊ दे. मागे मी उभा राहतो. दिवा घेतलाच आहे मी."

दिवा घेतलाच आहे. मी फोन ठेवला.

रिक्षा बघितल्या. पहिला म्हणाला, "कात्रज नाही." दुसऱ्यानं नवरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "पळून चाललाय का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून गेला. भाचीनं मोबाइलवरून बोलावलेली एक रिक्षा नकाशावर आमच्याकडे यायला लागली, ओंकारेश्वरापाशी थबकली, विचार केला आणि येरवड्याकडे निघून गेली. बहुधा तिला तुरुंग जास्त सोयीचा वाटला.

आजोबा अजून उभेच होते. "गाडी काढताय ना?"

"चालू होत नाही."

"मग बंद कशाला केलीत?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मी धूर बंद करायला सांगितलं होतं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मला चार वाजता दवाखान्यात जायचंय. माझी गाडी या फाटकाच्या आत आहे. तुमची गाडी हलल्याशिवाय ती बाहेर येत नाही. तुमची गाडी किल्लीशिवाय हलत नाही. किल्ली कात्रजला आहे. म्हणजे तुम्ही कात्रजला जाणं ही आता माझी गरज आहे." ते आत गेले आणि एक बिनगिअरची स्कूटर ढकलत बाहेर आले. "ही न्या. लग्नाशी माझा संबंध नाही. तुमची गाडी इथे तारण आहे. परवाना दाखवा."

"कसला?"

"गाडी चालवण्याचा. मी बेकायदा वाहन देत नाही."

माझा परवाना माझ्या गाडीच्या खणात होता आणि माझी गाडी नवरदेवाला घेऊन गेली होती. हे मी सांगितल्यावर आजोबांच्या चेहऱ्यावर प्रथमच आनंद दिसला.

"म्हणजे इथवर विनापरवाना आलात. विनाकिल्ली, विनापरवाना. पोलिसांना तरी कळवू का?"

"माझा आहे, आजोबा." भाचीनं मोबाइल पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून परवाना वाचला. फोटो आणि नवरी ताडून बघितली. "नथ नव्हती तेव्हा," एवढंच म्हणून किल्ली तिच्या हातात ठेवली. खरीखुरी किल्ली. दातेरी, लोखंडी, भोकात घालायची. मला तिला नमस्कार करावासा वाटला.

"मामा, मागे बस."

पार्लरच्या बाई धावत खाली आल्या. "अहो, सकाळपासूनचं काम आहे माझं ते. वाऱ्यानं सगळं जाईल." भाचीनं मैत्रिणीची ओढणी घेतली आणि पुण्यातली प्रत्येक मुलगी बांधते तशी तोंडाभोवती गुंडाळली. मुंडावळ्या आत, नथ आत, डोळे बाहेर. वरून आजोबांचं हेल्मेट. नऊवारी हा पोशाख घोड्यावर बसण्यासाठी होता असं म्हणतात. मी सांगतो, तो स्कूटरसाठी होता. ती टांग टाकून बसली आणि मागे एका हातानं फेटा धरून मी.

पुढचं वर्णन करायला मला शब्द सापडत नाहीत, कारण डोळे मिटलेले होते. एवढं आठवतं की स्वारगेटच्या चौकात एका बसचालकानं आम्हाला वाट दिली. पुण्यात बसनं स्कूटरला वाट देणं हे इतकं अघटित होतं, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या विसरल्या. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरचा मुलगा तिच्या हिरव्या चुड्याकडे बघून म्हणाला, "ताई, आज लग्न का?" ती म्हणाली, "नाही रे, ऑफिस." आणि सिग्नल सुटला. धनकवडीच्या पुढे आम्ही अशा वेगानं होतो, की माझी सावली मागे राहिली आणि ती जेवणाच्या पंगतीच्या वेळी कार्यालयात पोचली.

"मामा, घट्ट धर. आणि घाबरू नकोस," ती ओढणीतून ओरडली. "तुझ्याशिवाय मी बोहल्यावर जाणार नाही. ते दुसरे मामा मागे उभे राहिले तर मी मागच्या मागे बसकण मारीन."

एवढ्या आवाजात, एवढ्या धुळीत, मला ते स्पष्ट ऐकू आलं.

कार्यालयाच्या दारात तिनं हेल्मेट काढलं, ओढणी सोडली. नथ होती तिथे होती. पिवळी साडी जराही हलली नव्हती. माझा फेटा मात्र सुटून गळ्यात उपरण्यासारखा पडला होता. गौरीहराच्या खोलीत चुलतभाऊ दिवा घेऊन उभा होता, मिशीला पीळ, फोटोग्राफर समोर. भाची सरळ पाटावर जाऊन बसली. मी दिव्याला हात घातला. त्यानं सोडला नाही. मी ओढला. आमच्या घराण्यात ओढून बघायची सवय आहेच, पण त्याचंही घराणं तेच.

"आता फोटो निघालेत," तो म्हणाला. "असू दे की."

तेवढ्यात ताई आली. भाचीनं तिला दोन वाक्यांत स्कूटर आणि आजोबा सांगितले. तिनं तबकातली किल्ली उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि त्याच्या हातात दिली. "दादा, तू मोकळाच आहेस. एवढी स्कूटर घेऊन नारायण पेठेत जा आणि यांची गाडी आण. म्हातारे आजोबा खोळंबलेत बिचारे." दिवा धरलेल्या माणसाला किल्ली घ्यायला हात मोकळा करावाच लागतो. दिवा माझ्याकडे आला. 'परवाना आहे ना?' एवढंच मी त्याला मायेनं विचारलं.

बाहेर गुरुजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मी पाऊल टाकायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की स्कूटरवरून उतरल्यापासून माझे गुडघे माझे राहिलेले नाहीत. हाडांच्या जागी कुणी लापशी भरली होती. दिवा लटपटत होता, तेल हातावर येत होतं. भाची उठली. तिनं साडीचा काठ सावरला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं.

"चल," ती हळूच म्हणाली. "पायरी आहे पुढे."

अंतरपाटापर्यंत आम्ही गेलो. लोकांनी अक्षता हातात घेतल्या, सनई वाजली, दाजींनी डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं. बघणाऱ्यांना वाटलं, मामानं भाचीला हाताला धरून आणलं. पहिलं मंगलाष्टक सुरू होऊन माझे पाय थोडे जागेवर येईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं.